अभद्र बोलत चालवलेली गाडी

आमच्या सासरी वाईट बोलायला बंदी होती. दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं. बांगडी फुटत नसे, ती वाढवली जाई. दारातून बाहेर पडताना चुकून 'जाते' म्हटलं तर आतून लगेच आवाज यायचा, "येते म्हण." साप दिसला तरी त्याला लांबडं म्हणायचं. घराच्या भिंती ऐकत असतात, आपण बोललो की वास्तू 'तथास्तु' म्हणून मोकळी होते, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं माहेर अजिंठ्याकडचं, मेंढरं राखणारं. लहानपणी त्या वडिलांच्या कळपामागं रानोमाळ हिंडलेल्या. रानात लांडग्याचं नाव काढलं की पाठीत धपाटा बसायचा, कारण नाव घेतलं की ते येतं. ही शिकवण त्यांनी लग्नानंतर पडेगावच्या घरात जशीच्या तशी आणली आणि आम्हा सगळ्यांना लावली.

माझं माहेर मात्र शहरात, शहागंजच्या भर बाजारातलं. वडिलांचं कापडाचं दुकान, दारात हातगाड्यांची रांग, दिवसभर 'हट जाव, बाजू हो जाव' चाललेलं. तिथं जो गप्प बसला त्याच्या पायावरून चाक गेलं. त्यामुळं उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा मूळ स्वभाव. सासरी येऊन मी तो बराच आवरला, पण पुरता कधी गेला नाही. एका अर्थानं तोच पुढं कामाला आला.

आत्याबाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं. दवाखाना जालना रोडवर, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. नवरा वाळूजच्या कंपनीत, कधी सकाळची पाळी तर कधी रात्रीची. सुरुवातीला मी त्यांना रिक्षानं न्यायची. जाताना ठीक असायचं. येताना मात्र मशिनवरून उतरलेलं ते शरीर पिळून काढलेल्या कपड्यासारखं असायचं. प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून घ्यायच्या, प्रत्येक ब्रेकला ओकारी यायची. एकदा रिक्षावाल्यानं गतिरोधक पाहिलाच नाही. हातावर सुई टोचलेल्या जागेतून पट्टीवर रक्त आलं. घरी आल्यावर त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या आणि म्हणाल्या, "रस्त्यानंच जीव जातूय माझा. मशिनचं काय नाय."

जीव जातोय, हे शब्द त्यांच्या तोंडून आले म्हणजे हद्द झाली होती. रस्ता सोसवला नाही तर त्या दवाखान्यात जायचं सोडतील, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं. दारात जुनी गाडी उभी होती. नवरा ती सुट्टीच्या दिवशी काढायचा आणि बाकी दिवस पुसायचा. मी सांगितलं, मी चालवणार. तो म्हणाला, तू? मी म्हटलं, दुसरं कोण रिकामं आहे या घरात?

छावणीजवळच्या मोटार ड्रायव्हिंग क्लासात मी नाव घातलं. तोवर रिक्षाच चालू ठेवली. तिथले शिकवणारे सर आयुष्यभर बसचे ड्रायव्हर तयार करून निवृत्त झालेले, रागीट, पान खाणारे. क्लच, गिअर, वळण हे मला पटकन जमलं. तरी परवाना हातात पडल्यावरही ते मला सोडायला तयार नव्हते. "मॅडम, हात चांगले आहेत तुमचे. डोळे घरी ठेवून येता," म्हणाले. खरं होतं. मी रस्त्यावर असायची आणि मन दुपारच्या भाजीत. सिग्नल हिरवा झालेला मला मागच्या हॉर्नवरून कळायचा.

मग त्यांनी मला तोंड चालवायला लावलं. गाडी चालवताना मोठ्यानं बोलत राहायचं, क्रिकेटची कॉमेंट्री करतात तसं. पण तीन गोष्टी, त्याच क्रमानं. दिसतंय काय, होईल काय, मी करणार काय. डावीकडं रिक्षा उभी आहे, ती न बघता रस्त्यावर येईल, मी वेग कमी करते. बस थांबली आहे, तिच्यापुढून माणूस धावत निघेल, मी ब्रेकवर पाय आणते. जे बोललं नाही ते दिसलं नाही, असा त्यांचा हिशेब. मी गप्प झाले की ते डॅशबोर्डवर टिचकी मारायचे. घरात नवऱ्याशी बोलता तेवढं बोला, पुरे आहे, असा टोमणाही वर असायचा.

पहिल्या दिवशी मला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. 'म्हैस आहे' एवढं म्हणून झालं तोवर म्हैस मागं पडलेली. तोंड डोळ्यांच्या मागं, आणि डोळे गाडीच्या मागं. सर म्हणाले, जवळचं बघता म्हणून धांदल होते, लांबचं बघा, बोलायला वेळ मिळेल. तेव्हा मी घरीच सराव सुरू केला. स्वयंपाक करताना पुटपुटायची, दूध वर येतंय, उतू जाईल, गॅस बारीक करते. नवरा म्हणायचा, आकाशवाणीचं पडेगाव केंद्र सुरू झालं. पहाटे आत्याबाई उठायच्या आत मी रिकामी गाडी काढून दवाखान्यापर्यंत जाऊन यायची. पडेगाव, नगर नाका, छावणी, महावीर चौक, क्रांती चौक, आणि मग जालना रोड. सगळा रस्ता मोठ्यानं बोलत. सिग्नलला शेजारचे मोटारसायकलवाले माझ्याकडं टकामका बघायचे. एकानं काच वाजवून विचारलं होतं, ताई, सब ठीक हाय ना? मी म्हटलं, ठीक आहे, पण तुम्ही आत्ता लाल सिग्नल असतानाच निघणार आहात, म्हणून मी थांबून राहणार. तो खरंच तसाच निघाला.

हळूहळू रस्ता उलगडायला लागला. मला आवडायला लागलं ते. उभ्या गाडीच्या खालून पलीकडचे पाय दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुचाकीवाला वळायच्या आधी मान वळवतो. रिक्षावाला गिऱ्हाईक बघतो, रस्ता बघत नाही. वर्षानुवर्षं ज्या रस्त्यानं मी माहेरी गेले आणि आले, तो मी पाहिलेलाच नव्हता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तशी गत. महिनाभरात माझा ब्रेक कधी लागला ते गाडीतल्या माणसाला कळेनासं झालं. पुढचं आधी दिसलं की पाय आधीच हलका होतो. आत्याबाईंना न्यायला मी तयार होते.

त्यांना मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं आणि गाडी काढली. नगर नाक्याच्या अलीकडंच मी म्हटलं, "पुढं ट्रक आहे, तो एकदम थांबेल, मी अंतर ठेवते." मग म्हटलं, "उजवीकडं पोरगं सायकलवर आहे, पडेल ते, मी हॉर्न देते." आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलू नगं असं. कुणाच्या लेकराला पाडतीस?"

मी समजावलं. हे शिकवलेलं आहे, पडावं म्हणून नाही, पडू नये म्हणून बोलतात. त्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर लांडग्याचं नाव घेतलं नाही, तिला मी दर पाच पावलांवर एक लांडगा दाखवत होते. दवाखाना येईपर्यंत त्या पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटत राहिल्या. परत येताना मी तडजोड काढली. दिसतंय काय आणि मी करणार काय, एवढंच बोलायचं. मधलं गिळायचं. रिक्षा उभी आहे, वेग कमी करते. यात अभद्र काही नाही. आत्याबाई शांत झाल्या, मलाही आपण फार शहाणपणा केला असं वाटलं.

काही फेऱ्या तशा गेल्या. आणि माझ्या लक्षात न येता एक गोष्ट घडत गेली. जे बोलायचं थांबवलं ते मनात यायचंही थांबलं. रिक्षा उभी आहे, असं मी म्हणायची, आणि ती नुसती उभी असायची, खांबासारखी. एकदा परत येताना छावणीत बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला मालाचा टेम्पो उभा होता. "टेम्पो उभा आहे," मी म्हटलं, आणि त्याच वेगानं जवळ गेले. टेम्पोचा दरवाजा उघडला आणि माणूस खाली उतरला. मी सगळ्या ताकदीनं ब्रेक दाबला. माणसाला काही झालं नाही. तो मला शिव्या देऊन निघून गेला. आत्याबाई पुढच्या सीटवर आदळल्या होत्या. कपाळाला टेंगूळ, पट्टीवर रक्त, आणि मग त्यांनी साडीवरच ओकारी केली. मी गाडी बाजूला घेऊन त्यांचं तोंड पुसलं.

पुढच्या वेळेला त्या उठल्याच नाहीत. म्हणाल्या, आता लई झालं, आता नाय. नवरा घरी होता. त्यानं माय, माय म्हणून बरंच समजावलं. असं नको करू, बघू, चार दिवसांनी जाऊ, बरं वाटेल तेव्हा जाऊ. तो 'चार दिवसांनी' म्हणत होता आणि मला आतून संताप येत होता. मशिन सोडलं तर काय होईल ते डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे, आत्याबाईंनाही ठाऊक होतं. पण त्या घरात ते शब्द कुणी उच्चारणार नव्हतं. आम्ही सगळे टेम्पो उभा आहे, टेम्पो उभा आहे, एवढंच म्हणत होतो.

मी त्यांच्या खाटेजवळ खाली बसले. म्हटलं, "आत्याबाई, मशिनवर गेला नाहीत तर अंगात पाणी चढेल. दम लागेल. आणि पंधरा दिवसांच्या आत तुम्ही मराल."

नवरा उठून बाहेर गेला. जाताना त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. आत्याबाई छताकडं बघत होत्या. पण तोंडातून गेलेलं मी परत घेणार नव्हते. मी एवढंच सांगितलं की गाडी तयार आहे, मी चालवणार आहे, आणि या वेळी सगळं बोलून चालवणार आहे, मधलंसुद्धा. ऐकवत नसेल तर कानात कापूस घाला, म्हटलं. मग मी बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या दारात आल्या. लुगडं बदललेलं, कपाळावर भंडारा. मागचं दार मी उघडलं होतं, ते त्यांनी ढकलून लावलं आणि पुढं येऊन माझ्या शेजारी बसल्या.

"बोल तुला काय बोलायचं ते," म्हणाल्या. "खंडेरायाचं नाव मी घीन."

त्या दिवसापासून आमची ती पद्धत पडली. मी म्हणायची, बसच्या पुढून माणूस येईल. त्या म्हणायच्या, खंडेराया. मी म्हणायची, हा कुत्रा मध्येच वळेल. खंडेराया. दार उघडेल, खंडेराया. क्रांती चौकात तर त्यांना दम लागायचा इतक्या वेळा देवाला हाक मारावी लागे. मी एकदा म्हटलं, देवाला सिग्नलपर्यंत तरी सुट्टी द्या. त्या हसल्या नाहीत, पण पदर ओठांवर गेला. माझा ब्रेक पुन्हा कळेनासा झाला. परतीच्या वाटेवर त्यांना झोप लागायला लागली. झोपेतही मी 'होईल' म्हटलं की ओठ हलायचे.

पुढं पुढं त्याही बघायला लागल्या. पुढच्या सीटवर बसून दुसरं करणार काय? "त्या रिक्षाला बघ," म्हणायच्या. "ती शेळी बघ, कान बघ तिचं." पण पुढं काय होईल ते त्या कधीच बोलल्या नाहीत. ते काम माझं. शेळी मध्ये येईल, मी म्हणायची. त्या नमस्कार करायच्या. नवऱ्याचा राग महिनाभर टिकला. मग एका सुट्टीच्या दिवशी तो मागं बसून आला. आमची ती जुगलबंदी ऐकून उतरताना म्हणाला, माझ्या मायनं एवढं देवाचं नाव जेजुरीतसुद्धा घेतलं नव्हतं. एवढ्यावर आमचं मिटलं. त्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती.

असे दोन उन्हाळे गेले. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा ते बरेच जास्त होते, पण दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी आत्याबाईंचं अंग मशिनला साथ देईना. रक्तदाब मध्येच पडायचा, मशिन बंद करावं लागायचं. पाय सुजलेलेच राहायचे. आम्ही घरी म्हणायचो, उन्हानं होतं, पावसाळ्यात बरं वाटेल. हो, मीही म्हणायची.

एके दुपारी परत येत होतो. महावीर चौक ओलांडला, छावणी लागली. मी माझं बोलत होते. पुढं पाण्याचा टँकर आहे, तो खड्डा चुकवायला उजवीकडं येईल, मी मागं राहते. खंडेराया आलं नाही. मला वाटलं झोपल्या. पाहिलं तर त्या जाग्या होत्या आणि समोर बघत होत्या. मग त्या बोलायला लागल्या, सावकाश, माझ्याच चालीनं.

"पाय सुजल्यात. मशिन धरत नाय. दिवाळीला मी नसंन."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "असं अभद्र बोलू नका, आत्याबाई."

"व्हय? अन् तू रोज काय बोलतीस?"

टँकर खरंच उजवीकडं आला आणि मी मागं राहिले. त्या पुढं बोलत होत्या. दोन भाग झाले, तिसरा राहिला होता. शेवटचं मला गावाला न्या, त्यांनी सांगितलं, अजिंठ्याकडं, भावाच्या घरी, जिथनं रान दिसतं. दवाखान्यात नळ्या लावून ठेवू नका. हे पोराला आत्ताच सांगू नको, वेळ आली की सांग. "अन् त्या दिवशी गाडी तू चालव. त्याला देऊ नगं. तो रडत चालवील."

मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला होता. मी बाजूला घेऊ का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, कायला? म्होरं बघ. रस्ता चालू हाय. मग पदरानं माझा एक डोळा पुसला, मग दुसरा, मधे एक क्षण थांबून, म्हणजे एका वेळी एक डोळा रस्त्यावर राहील. आधी सांगितलेलं बरं असतं, असं त्या म्हणाल्या. आधी सांगितलं म्हणजे पाय ब्रेकवर राहतो.

पाऊस संपता संपता ती वेळ आली. त्या दवाखान्यात भरती होत्या, तिथून आमच्या जबाबदारीवर सही करून त्यांना गावाला न्यायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगितलं. किल्ली त्याच्याच हातात होती. त्यानं ती थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि मग मला दिली. मागच्या सीटवर त्यांना निजवलं. डोकं मुलाच्या मांडीवर. पुढची सीट मोकळी होती, तिच्याकडं मी बघत नव्हते.

हर्सूल गेलं, फुलंब्री गेली. दोन्ही बाजूंना मका उभा होता. मागं तो रडत होता, आवाज न करता, पण गाडीत कळतंच. आत्याबाईंचा श्वास लांब लांब येत होता. त्या ऐकत होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. मी बोलत होते. सिल्लोड लागायच्या आधी आवाज बसला, तरी बोलत होते. वळण आहे, पलीकडून गाडी येईल, डावीकडं राहते. खड्डा आहे, त्यांना हादरा बसेल, हळू करते. मी जराशी थांबले की मागून तो म्हणायचा, "बोल." त्या घरातलं माणूस मला बोल म्हणत होतं.

गावाच्या अलीकडं रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला. मी म्हटलं, "मेंढरं आहेत. पुढचं एक गेलं की सगळी जातील. मी थांबते."

आणि गाडी अशी थांबवली की आत्याबाईंची मान हलली नाही.